मदत हवी आहे: भाज्या-चीजचं डिप पातळ का होतंय?

ताई-दादा, जरा मदत करा ना. रविवारी भाचे येताहेत भुसावळहून, त्यांच्यासाठी झटपट डिप करायचंय आणि चिप्सऐवजी तळलेल्या बिबड्यांसोबत (आपले खानदेशी ज्वारीचे पापड) द्यायचंय. काल करून पाहिलं, रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का एक वाटी, चीजचे 2 क्यूब किसून, गाजर, काकडी, शिमला मिरची, लसूण, मिरपूड. चव मस्तच होती पण अर्ध्या तासात खाली पाणीच पाणी, मिठाने काकडीला पाणी सुटलं असेल, मग काकडी आधी मीठ लावून पिळून घेऊ की काढूनच टाकू?

दुसऱ्यांदा चीज थोड्या दुधात वितळवून गरमच चक्क्यात ओतलं तर सगळं फाटल्यासारखं रवाळ झालं. थंड करून घालायचं का नुसतं किसलेलंच बरं? पनीर मिक्सरमधून काढून घातलं तर घट्ट राहतं का, कोणी केलंय?

आणि आपलं जळगावचं हिरवं भरताचं वांगं तुरीच्या काड्यांवर भाजून त्यात घालायची फार इच्छा आहे, तो धुराचा वास चीजसोबत जमेल का? मेयोनीज मात्र नको, पोरं लहान आहेत. शनिवारपर्यंत सांगा प्लीज.