खिशातला घडीचा चाकू: मजबूत कशाला म्हणायचं? आपापले अनुभव सांगा

धागाकर्ता, करवीर तालुका

गेल्या महिन्यात ठिबकची नळी कापताना चाकू माझ्याच बोटावर मिटला. १६ मिमीची नळी, उन्हानं कडक झालेली. पातं अर्धं आत गेलं आणि रुतून बसलं. सोडवायला मूठ वर ओढली, तसा पात्याच्या पाठीवर दाब आला, लॉक सुटलं आणि पातं थेट तर्जनीवर. चार टाके पडले. चाकू दिसायला दणकट होता, जाड पातं, हातात घेतला की वजन जाणवायचं. दुकानात मी तेवढंच बघितलं होतं.

मला रोज चाकू लागतो. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, वैरणीच्या पेंढीचा बंद, ठिबक. आता नवा घ्यायचाय आणि या वेळी नीट बघून घ्यायचाय. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं खिशात चाकू वागवलाय त्यांनी सविस्तर लिहा. कोणत्या कामात काय तुटलं, काय टिकलं, तेवढंच हवंय.

उद्यमनगर, टूलरूम

दादा, आधी बोटाला जपा. तर्जनीच्या पेराची जखम भरली तरी बोट आखडतं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडू नका.

तुमच्या चाकूला बहुतेक लायनर लॉक असणार. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला उसळते आणि पात्याच्या बुडामागं जाऊन बसते. सगळी मदार त्या बसण्यावर. चाकू उघडून मुठीच्या फटीतून बघा. पट्टी बुडाच्या कडेला नुसती टेकलेली असेल तर तो चाकू घेऊ नका, जाडीच्या निदान पाव भाग तरी ती आत यायला हवी. मग चाकू उघडा ठेवून, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर घेऊन, पात्याची पाठ लाकडावर हलकी ठोका. आठ-दहा ठोक्यांत सुटलं तर परत द्या. आणि पातं डावी-उजवीकडं हलवून बघा. बिजागरीत खेळ असेल तर आधी स्क्रू आवळा, तरीही हलत असेल तर माल मुळातच ढिला आहे.

पोलादाबद्दल एक सांगतो, कारण यात लोक हमखास फसतात. स्वस्त आणि मजबूत म्हणून हल्ली डी२ चे चाकू खूप खपतात. आमच्यात त्याला एचसीएचसीआर म्हणतात (हाय कार्बन, हाय क्रोमियम), पत्रा कापायचे पंच आणि डाय त्याचेच. साधारण दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. हार्डनिंग, म्हणजे तापवून कडक केल्यावर ५८ ते ६० रॉकवेल (कडकपणाचं माप) सहज मिळतं, धार खूप दिवस टिकते. पण पंचावर आडवा जोर आला की कड टवका होऊन उडते, हे मी रोज बघतो. चाकूचंही तेच. कापायला उत्तम, पण डब्याचं झाकण उचकटायला घेतलात की गेलं. शिवाय बारा टक्के क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळलेल्या कडक कणांत अडकतं, म्हणून पावसात त्याच्यावर तांबूस ठिपके येतात. घरच्या साध्या निसण्यावर ते लवकर धार धरतही नाही.

मी स्वतः गेली चार वर्षं स्वीडिश १४सी२८एन या गंजरोधक पोलादाचं पातं वापरतोय. गंजत नाही आणि साध्या दगडावर दहा मिनिटांत धार येते. शेतकरी माणसाला हेच सोयीचं पडेल असं माझं स्पष्ट मत आहे.

गगनबावडा

माझ्याकडं ओपिनेल, ८ नंबरचा. फ्रान्सचा, लाकडी मुठीचा, साडेआठ सेंटीमीटर पातं. लॉक म्हणजे मुठीच्या तोंडाला एक लोखंडी कडी, फिरवली की पातं घट्ट. ही कडी १९५५ पासून आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. धागाकर्त्यांना झालं तसं यात होणार नाही. अट एवढीच की कडी फिरवायची सवय लागली पाहिजे.

पण आमच्याकडचा पाऊस. जुलैत मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आतच अडकतं, नखानं ओढून निघत नाही. मग मुठीचं बूड दगडावर टाकदिशी आपटायचं, पातं बोटभर बाहेर येतं. मी उन्हाळ्यात मूठ दोनदा जवसाच्या तेलात भिजवून वाळवली, त्यानं बराच फरक पडला. कार्बन पोलाद घेतलंत तर पावसाळ्यात रोज पुसायची तयारी ठेवा. मी एकदा फणस कापून तसाच मिटवला होता, सकाळी पातं काळंनिळं.

आजरा, रोपवाटिका

मी काजूची कलमं बांधते. आमचा कलमचाकू एकाच बाजूनं घासलेला असतो, दुसरी बाजू सपाट. त्यामुळं काप सरळ बसतो आणि खुंट (खालचं रोप) आणि काडी (वर बांधायची फांदी) एकमेकांना चिकटतात. नव्या मुली कामाला येतात तेव्हा त्याच चाकूनं प्लास्टिकची पट्टी काप, सुतळी तोड असं करतात. संध्याकाळपर्यंत धार गेलेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या कलमांचे काप दाबल्यासारखे, फाटल्यासारखे येतात. ती कलमं धरत नाहीत. म्हणून प्रत्येकीला दोन चाकू दिलेत. कलमाचा वेगळा, इतर कामाचा वेगळा.

दादा, तुम्हीही एकाच चाकूवर सगळं ढकलू नका. ठिबकच्या नळीला पाईप कटर मिळतो, हाताला काही होत नाही.

धागाकर्ता

ताई, कटर कालच आणला. खरं सांगायचं तर तो आधीच आणायला हवा होता. पण पोती, सुतळी, वैरण याला चाकू लागणारच.

सुभाषनगर

आमच्या घरात तीन पिढ्या चपला होतात. कातड्याला आमची रापी, म्हणजे चांभाराचं रुंद धारेचं हत्यार. तिच्यापुढं घडीचा कुठलाच चाकू चालत नाही, त्यामुळं कातडं कापायचा अनुभव मी सांगणार नाही. धारेचं मात्र सांगतो.

लोक धार गेली की थेट दगडावर घासतात. दर वेळी दगड लागत नाही. धार बरेचदा झिजलेली नसते, तिची कड एका बाजूला वळलेली असते. जुन्या कमरपट्ट्याचा तुकडा घ्या, आतली खरबरीत बाजू वर. पातं पाठीच्या दिशेनं ओढायचं, धारेच्या दिशेनं ढकलायचं नाही, नाहीतर चामडं चिरेल. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. कागद उभा धरून कापून बघा, आवाज बदललेला कळतो. चांगली धार असेल तर नुसती सर्रकन रेघ, बोथट असेल तर कागद कुरकुरतो. धारदार चाकूला जोर कमी लागतो आणि जोर कमी लागला की हात घसरत नाही.

शाहूपुरी, वकील

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा शस्त्रांच्या यादीत समावेश आहे, घरगुती, शेती आणि कारखान्याची हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला तीन इंची चाकू त्यात येत नाही. पण सण, निवडणूक, मिरवणूक अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, तेव्हा चाकू बाळगायलाही बंदी असू शकते. त्या दिवसांत तो शेतावर किंवा घरी ठेवा. बटण दाबताच उघडणारा तर घेऊच नका, कामाला त्याचा काही उपयोग नाही आणि पोलिसांना उत्तर देत बसावं लागतं. विमानाला जाताना खिशातला चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत राहिला म्हणून माझ्या बहिणीला तिचा लाल स्विस चाकू तपासणीच्या टेबलावरच सोडून यावं लागलं. तो आमच्या वडिलांचा होता.

राजारामपुरी

स्विस चाकूचा विषय निघालाच आहे तर. व्हिक्टोरिनॉक्सचा नेहमीचा ९१ मिमीचा आकार, त्यातल्या पात्याला लॉक नसतं, फक्त स्प्रिंगचा दाब. फळं, कात्री, स्क्रू यासाठी माझा अकरा वर्षं चाललाय. पोलाद ५५-५६ रॉकवेलचं, म्हणजे मऊ, पण धार पटकन येते. शेतीच्या जोराच्या कामाला घ्यायचाच असेल तर १११ मिमीचा लॉकवाला घ्या.

शिरोळ तालुका

२०१९ चा महापूर. ऑगस्ट महिना. रात्री गोठ्यात पाणी शिरलं तेव्हा आमच्या तीन म्हशी बांधलेल्या. दोन सोडल्या. तिसरी, गाभण, ती घाबरून मागं ओढत होती आणि नायलॉनच्या दाव्याची गाठ भिजून अशी करकचली होती की नख शिरंना. पाणी माझ्या छातीला. पोराच्या खिशात अर्धं दातेरी पातं असलेला चाकू होता. दावं ताणलेलंच होतं, दातेरी बाजू लावून दोनदा ओढली आणि तुटलं. साध्या धारेनं त्या ओल्या नायलॉनवर किती वेळ घासत बसलो असतो, कोण जाणे. म्हैस वाचली. तिची रेडी आता दुसऱ्या वेताला आलीय.

चाकूचं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी त्याचं लॉकच बसत नव्हतं. बिजागरीत पुराचा चिकट गाळ. कोमट पाण्यात उघड-मीट करत धुतला, मग रॉकेल, मग वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि त्यावर धूळ बसते. चिखलात काम असेल तर लॉक बसल्याचा टक्क आवाज ऐकल्याशिवाय जोर लावू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. म्हशीचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही, त्या पुरात आमच्या पाहुण्यांची जनावरं गेली होती.

परवा लक्ष्मीपुरीत जाऊन पाच चाकू बघितले. दुकानदाराला विचारून लाकडी पाटावर पाठ ठोकली. दोघांचं लॉक चौथ्या-पाचव्या ठोक्याला सुटलं, आणि त्यातला एक सगळ्यांत जाड होता. एकाची पट्टी कडेलाच टेकत होती. उरलेल्या दोघांतला १४सी२८एन चा घेतला, तीन इंची, मूठ खरबरीत, म्हणजे घामात घसरायला नको. पातं पातळ आहे. पोत्याची शिवण एका ओढीत निघते.

टाके निघालेत. तर्जनी अजून पुरती मिटत नाही, म्हणून सध्या डाव्या हातानं लॉक सोडायची सवय करतोय. अजून कुणाचा अनुभव असेल तर लिहा, विशेषतः ऊसतोडीच्या हंगामात खिशात वागवलेल्या चाकूचा.