ग्रीनहाऊसमधल्या ४० मोकळ्या कुंड्या: पाणी घालू का फेकून देऊ?

कुंडीवाली_पोरगी (मे)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच एमएस्सी बॉटनी पार्ट वनला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगितलं की सर इथंच येऊन रिप्लाय देणार. तर आमच्या डिपार्टमेंटचं एक छोटं ग्रीनहाऊस आहे, म्हणजे म्हणायला ग्रीनहाऊस, पुढं हिरवं शेडनेट आणि मागं दोन गाळे पॉली फिल्मचे, ती फिल्म पण आता ताकासारखी दिसती. ते सगळं बघणारे मामा मार्चमध्ये रिटायर झाले, परीक्षा झाल्यावर पोरं आपापल्या गावाला गेली आणि मी पडले राजारामपुरीची, मग किल्ली कुणाच्या हातात येणार!

आता मागच्या कट्ट्यावर चाळीसेक कुंड्या आहेत आणि त्यात नुसती माती. काडी नाही, पान नाही, काही नाही. पत्र्याच्या पट्ट्यांवर खिळ्यानं कोरलंय, "से. हु.", "कळ.", "हॅब.", असलं काहीतरी, निम्म्या गंजलेल्या. मला वाटलं उन्हानं वाळलंय बिचारं, म्हणून चार दिवस रोज मगाभर पाणी घातलं. मैत्रीण म्हणते हे कधीच मेलंय, माती ओतून टाक आणि कुंड्या धुऊन ठेव. मामा फोन उचलत नाहीत.

अजून एक, पुढं पॉइंसेटियाच्या सहा कुंड्या आहेत, डिसेंबरात शहरभर लाल झालेला असतो, आमचा हिरवाच्या हिरवा राहिला. खत कमी पडलं असेल का?

शेडनेटवाला

पाणी बंद कर आधी. बाकीचं नंतर वाच.

अगं ते मेलेलं नाही, झोपलंय. खाली कंद आहेत. "से. हु." म्हणजे सेरोपेजिया ह्युबेरी असणार, "कळ." म्हणजे कळलावी, "हॅब." म्हणजे हॅबेनारिया, जमिनीतली ऑर्किडं. ही सगळी सह्याद्रीतली मंडळी पावसाळ्यात चार महिने वर येतात आणि दिवाळीनंतर पान टाकून खाली जातात ती थेट पुढच्या पावसापर्यंत. मे महिन्याच्या उकाड्यात ओल दिली की कंद कुजतो, बाकी काय होत नाही. एक कुंडी घे, बोटानं कडेकडेनं माती बाजूला कर, कंद चपट्या बटाट्यासारखा हाताला लागंल. दाबून बघ. कडक असला तर परत झाक आणि विसर. पिचपिचीत लागला तर बाहेर काढ, कुजका भाग ब्लेडनं कापून चुलीची राख लाव आणि सावलीत चार दिवस कागदावर वाळव, कधी कधी वाचतो.

कळलावीला मात्र जास्त हात लावू नको. तिचा कंद इंग्रजी व्ही सारखा असतोय आणि कोंब फक्त टोकाला येतो, टोक मोडलं की वर्ष गेलं. शिवाय विषारी, हात धू. तुम्ही लॅबमध्ये पेशींची विभागणी मध्येच थांबवायला जे कोल्चिसिन वापरता ते तिच्यात असतं.

निवृत्त_मास्तर

पोरी, वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त माझं जुनं दुखणं सांगतो. तीस वर्षं शिकवलं आणि तीस वर्षं एकच भांडण, आमचं टाइमटेबल आणि झाडांचं टाइमटेबल कधी जुळलंच नाही. प्रॅक्टिकलची परीक्षा मार्च-एप्रिलात, तेव्हा ग्रीनहाऊसमध्ये दाखवायला काय असतं, तर निवडुंग आणि पानफुटी. आणि बघण्यासारखं सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा पोरं गणपतीत!

सेरोपेजियाचं फूल तू एकदा उभं कापून बघच. मराठीत कंदीलपुष्प म्हणतात, खर्चुडी पण म्हणतात. खाली फुगीर भाग, त्यावर नळी, वरती पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या, हुबेहूब आकाशकंदील. नळीच्या आत बारीक केस असतात, सगळे खाली झुकलेले. चिलटासारखी माशी वासानं आत घुसते, खाली उतरणं सोपं, वर यायला केस आडवे. रात्रभर ती खालच्या फुगीर भागात धडपडते आणि तेवढ्यात परागाच्या पिशव्या तिच्या तोंडाला चिकटतात. मग फूल कलतं, केस कोमेजतात आणि बाई सुटतात, त्या थेट दुसऱ्या कंदिलात. लेन्सखाली ते केस दिसले की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगं पण पुढं येतं, हे मी बघितलंय. आपल्या कोल्हापुरात याच्यावर मोठं काम झालंय, शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी सह्याद्रीतले सेरोपेजिया हुडकून वाढवले, त्यामुळं तुझ्या हातातल्या कुंड्या "मोकळ्या कुंड्या" नव्हेत. रानात गुराखी पोरं काही जातींचे कंद खणून खातात, आधीच कमी राहिलेत.

एक कुंडी मात्र लवकर जागी होईल, सुरणाच्या भावकीतला शेवळा असला तर. वळीव झाला की आधी फूल येतं, पान नंतर. एका वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस मेलेला उंदीर शोधत होते, कपाटं सरकवली, शिपायाला बोलणी बसली, आणि वास येत होता शेजारच्या खिडकीतल्या कुंडीतनं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं पण मी बोललो नाही.

आणि पट्टीवर "फ्रे." दिसलं तर सांग. फ्रेरिया, म्हणजे शिंदळ माकुडी, शिवनेरीच्या कड्यावरची. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलंय. ती उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल काड्या उरतात, लोक वाळली म्हणून उपटतात. काडी मोडून लावली तरी लागते.

ऊसवाला_गारगोटी

पॉइंसेटियाचं मी सांगतो. खताचा काय संबंध नाय. रात्री ग्रीनहाऊसजवळ लाइट असतोय का ते बघ आधी.

ते झाड दिवस नाही, रात्र मोजतंय. सलग मोठी अंधारी रात्र मिळाली तरच वरची पानं लाल होतात (ती पानंच असतात, फूल म्हणजे मधला पिवळा ठिपका). मध्ये थोडा जरी उजेड पडला की त्याच्या हिशोबानं रात्र मोडली, परत पहिल्यापासनं. आपल्या उसाला तुरा येतो तो पण दिवस लहान व्हायला लागल्यावरच ठरतो, आज्ज्याला हे पुस्तक न वाचता माहीत होतं. आणि गंमत म्हणजे हा शोध लागला तो तंबाखूवर, इथं निपाणीजवळ राहून आपल्याला माहीत नसतंय. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड म्हणून दोघांकडं तंबाखूची एक जात होती, उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, फुलायची नाही, हिवाळ्यात ग्रीनहाऊसमध्ये घेतली की फुलायची. त्यांनी झाडं अंधारात नेऊन ठेवून बघितली आणि १९२० ला छापलं.

ऑक्टोबरपासनं दोन महिने रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळं कापड टाक. एक दिवस पण चुकवायचं नाय हां.

कुंडीवाली_पोरगी

लाइट आहे!!! वॉचमन काकांची ट्यूब, बरोब्बर ग्रीनहाऊसच्या दारावर, रात्रभर चालू. गेल्या वर्षी चंदनाचं झाड चोरीला गेल्यापासून लावलीय. ती बंद करा म्हटलं तर काका म्हणाले, मग चंदन तू राखतीस काय.

पाणी बंद केलंय. सात कुंड्या उकरल्या, पाच कडक, दोन गेल्या, वास पण यायला लागलेला. राख घरात कुठली, गॅस आहे, शेवटी कोपऱ्यावरच्या भडंगवाल्याच्या भट्टीतली आणली. त्यानं विचारलं कशाला, मी म्हटलं कंदाला, तो म्हणाला कांद्याला राख कशाला लावतंय कोण.

शेडनेटवाला

😂 चालतंय. फाटलेल्या फिल्मखाली कुंड्या ठेवू नको, वळीव आत गळतोय. आणि मुंग्यांची रांग दिसली की समज पिठ्या ढेकूण आलाय, मुंग्याच त्याला राखतात. निंबोळी तेल मार, उन्हात नको, संध्याकाळी.

कुंडीवाली_पोरगी (ऑगस्ट)

अपडेट. चाळीसातल्या एकोणतीस वर आल्या. पाच दिवस झाले नुसता पाऊस, फिल्मवर आतनं पाणी ठिबकतंय आणि सगळ्या कट्ट्यांना हिरवा बुळबुळीतपणा, पण कळलावी दोरीला धरून वर चढलीय, पानाच्या टोकानंच धरते ती, मला आजपर्यंत माहीत नव्हतं. आणि काल पहिला कंदील उघडला. एकच. सर म्हणाले काप, वर्गाला दाखवू. मी म्हटलं दुसरा येऊ दे मग कापू, तर रुसल्यासारखे झाले. आज सकाळी तो कलला होता, मी बराच वेळ वाकून बसले पण माशी काय दिसली नाही.

आता एक कुंडी राहते. तिच्या पट्टीवर नुसतं प्रश्नचिन्ह कोरलंय, म्हणजे मामांना पण माहीत नव्हतं वाटतं. पान लांबुडकं, कर्दळीसारखं, मधली शीर उठून दिसते. कुणाला सुचतंय का?

निवृत्त_मास्तर

पानाचा तुकडा चुरगळून वास घे. हळदीसारखा आला तर रानहळद असेल, बुडाशी फुलाचा तुरा डोकावतोय का ते बघ. आणि पट्टी बदलू नको, खाली नाव लिही, प्रश्नचिन्ह राहू दे.