वर्डमध्ये प्रबंध लिहिताना कुठला व्ह्यू ठेवायचा?

बावड्याचा_मास्तर
नमस्कार मंडळी. पीएच.डी.चा प्रबंध लिहायलोय, विषय कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. प्रकरणं, तळटिपा, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतानाचे फोटो, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आडवे तक्ते, सगळं एकाच फाइलमध्ये. एकजण म्हणाला ड्राफ्टमध्ये लिही, तर तिथं फोटोच गायब. गाइडनी मेलवर परत पाठवलेलं प्रकरण पुस्तकासारखं उघडतंय, टाइप काय होत नाही. आणि आता प्रिंट लेआउटमध्येही पान नंबर दिसेनात, पानं एकमेकांना चिकटल्यात. कायमचा कुठला व्ह्यू ठेवू?

टायपिंगवाल्या_काकी
सर, कायमचा एक असं काही नसतंय. राजारामपुरीत माझं टायपिंगचं दुकान आहे, प्रबंधाची माणसं रोज येतात आणि सगळ्यांचा हट्ट हाच. काम बदललं की व्ह्यू बदलायचा.

आधी चिकटलेली पानं. दोन पानांच्या सांध्यावर चुकून डबल क्लिक झालंय, म्हणून वरखालचा समास झाकला गेला आणि त्याच्याबरोबर पान नंबरही. त्याच रेषेवर परत डबल क्लिक करा. नंबर कुठं गेलेले नाहीत.

पुस्तकासारखं दिसतंय तो रीड मोड. एस्केप दाबा. वर पिवळी पट्टी असेल तर एनेबल एडिटिंग. दर वेळी तसंच उघडत असेल तर फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये मेलच्या अटॅचमेंट रीडिंग व्ह्यूमध्ये उघडायची खूण आहे, ती काढून टाका. आम्हाला प्रूफ वाचायला रीड मोड बरा पडतो, पण गिऱ्हाईक शेजारी बसून "हे बदला, ते बदला" म्हणायला लागलं की त्याचा उपयोग शून्य.

ड्राफ्टमध्ये फोटो पुसले जात नाहीत, फक्त दिसत नाहीत, आणि तेही मजकुराभोवती मोकळे सोडलेलेच. इन लाइन विथ टेक्स्ट केलेला, म्हणजे अक्षरासारखा ओळीतच बसवलेला फोटो तिथंही दिसतो. हेडर-फूटर दिसत नाही, तळटिपा खाली वेगळ्या चौकटीत उघडतात. जड फाइलमध्ये सलग टाइप करायला मी कंट्रोल-ऑल्ट-एन दाबूनच बसते. फोटो उड्या मारत नाहीत, पान कुठं तुटतंय याची काळजी नाही, नुसती ठिपक्यांची रेघ. कंट्रोल-ऑल्ट-पी केलं की परत प्रिंट लेआउट.

पण विद्यापीठात द्यायची प्रत प्रिंट लेआउटमध्ये पानन् पान बघितल्याशिवाय छापायची नाही. पानाच्या तळाला एकटंच राहिलेलं शीर्षक ड्राफ्टमध्ये कळतच नाही, आणि बाइंडिंग झाल्यावर कुणाला सांगणार?

उद्यमनगर_८८
तक्ते पानाबाहेर जात असतील तर वेब लेआउटमध्ये बघा. तिथं पानंच नसतात, तक्ता खिडकीभर पसरतो. छापताना मात्र तेवढा भाग लँडस्केप करावा लागणार. मी लिब्रेऑफिसवाला, आमच्याकडं नॉर्मल आणि वेब एवढंच. प्रकरणं हलवायला एफ५ दाबून नॅव्हिगेटर, विषय संपला.

बावड्याचा_मास्तर
काकी, पान नंबर आले! आता गाइड म्हणतात तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या. आउटलाइनमध्ये होतंय म्हणे, पण मला तिथं नुसता मजकूर दिसतोय, प्रकरणं वेगळी दिसतच नाहीत.

टायपिंगवाल्या_काकी
शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी केली असणार. वर्डला तो साधा परिच्छेदच वाटतो. हेडिंग स्टाइल लावा. तुमच्या शीर्षकात कर्सर ठेवा, होम टॅबमध्ये हेडिंग १ वर राइट क्लिक करा आणि अपडेट टू मॅच सिलेक्शन घ्या, म्हणजे तुमचा फाँट आणि आकार तसाच राहील, ते निळं शीर्षक येणार नाही. बाकीच्या प्रकरणांना कंट्रोल-ऑल्ट-१, पोटमथळ्यांना कंट्रोल-ऑल्ट-२.

मग आउटलाइनमध्ये शो लेव्हल १ करा, फक्त प्रकरणांची नावं उरतील. तिसऱ्याच्या डाव्या बाजूची अधिकची खूण धरून वर ओढा, आतला सगळा मजकूर बरोबर येतो. त्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. आणि "मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे" असं कुठं कुठं लिहिलंय ते शोधा सर, ते वर्ड बदलत नाही.