विकेपर्यंत ‘सर’, बिल झालं की ‘टोल फ्री’ला फोन करा

कडक भाकरी :
‘जुळे सोलापूरकर’ यांची कालची पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नवी पेठेतली टीव्ही-फ्रिजची जुनी दुकानं मरायचीच होती. मोठी शोरूम आली तेव्हा कुठं सोलापूरकराला गिऱ्हाईक म्हणून मान मिळाला. आता त्या शोरूम एकमेकींच्या उरावर बसल्यात, म्हणजे सेवा आपोआप सुधारणार.

मान? पाणी विचारतात, ‘सर’ म्हणतात, एसीखाली बसवतात. बिल फाटेपर्यंत.

तिथं तुम्हाला मशीन दाखवणाऱ्या पोराच्या टी-शर्टाकडं एकदा नीट बघा. त्यावर बहुतेकदा शोरूमचं नाव नसतं, कंपनीचं असतं. तो कंपनीचा प्रमोटर. पलीकडच्या रांगेतला दुसऱ्या कंपनीचा. ज्याचा माल खपेल त्याला इन्सेंटिव्ह. ‘काका, तुमच्या घराला हे चालणार नाही’ असं सांगून ज्याचं काही बिघडत नाही, असा माणूस अख्ख्या मजल्यावर सापडत नाही.

माझं वॉशिंग मशीन वॉरंटीत असतानाच बंद पडलं. शोरूमला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं बिल उलगडूनसुद्धा बघितलं नाही. “टोल फ्रीला कम्प्लेंट टाका सर.” मग मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. शेवटी टेक्निशियन आला. मागचं झाकण काढून त्यानं हीटर बाहेर ओढला. वर क्षाराची ही जाड पांढरी साल! नखानं टोकरलं तर टवका निघाला. त्यानं मोबाईलवर फोटो काढला, जॉब शीटवर ‘पाण्यामुळे’ असं लिहिलं आणि म्हणाला, “हे वॉरंटीत बसत नाही.” शोरूम म्हणते कंपनीला विचारा. कंपनी म्हणते तुमच्या पाण्याचं बघा. मी कुणाकडं बघू?

स्पर्धा आहे, नाही कोण म्हणतंय. पण ती पहिल्या पानावरच्या जाहिरातीत. २६ जानेवारीचा सेल, पाडव्याचा सेल, १५ ऑगस्टचा सेल, दिवाळीचा सेल. विकल्यानंतर कोण नीट वागतं याची चढाओढ मला तरी कधी दिसली नाही.

जुळे सोलापूरकर :
काका, तुमचं दुखणं खरं, पण म्हणून नवी पेठेला देवघरात बसवू नका.

आमच्या वडलांनी तिथूनच फ्रिज घेतला होता. बिल म्हणजे पानाएवढी चिठ्ठी, तिच्यावर फक्त आकडा. कॉम्प्रेसर गेला तेव्हा कंपनीनं बिल मागितलं. दुकानदार म्हणाला, “मी आहे ना!” तो होताच, पण फ्रिज काही चालू झाला नाही. आईनं अख्खा उन्हाळा माठावर काढला. आणि भिंतीवर पाटी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. म्हणजे ती पाटीच बेकायदा.

शोरूममध्ये पक्कं बिल मिळतं. चार कंपन्यांची मशीनं शेजारी शेजारी ठेवून स्टार, युनिट, किंमत बघता येते. जुन्या दुकानात बघाल ते एकच, शेटजी दाखवतील ते.

नवी पेठवाला :
चिठ्ठीचं किती दिवस उगाळणार? २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून पक्क्या बिलाशिवाय आमचंच भागत नाही.

माल आम्हाला डिस्ट्रिब्युटरकडून ज्या भावात पडतो, त्याच्या खाली हे लोक गिऱ्हाईकाला विकतात. कसं? कंपनीकडून थेट उचल, वर बँकेची कॅशबॅक, वर फायनान्सवाला. आम्ही काय घालायचं, खिशातले? लग्नसराईत रात्री अकराला फ्रिज पोचवलेत आम्ही, सुतगिरणीच्या कामगाराला पगार होईल तसं द्या म्हणून दिलेत. ते पैसे काही घरांतून आले, काही घरांतून अजून येतायत. तुमच्या शोरूमला सांगा बघू, पगार झाल्यावर देतो म्हणून.

जुळे सोलापूरकर :
उधारीचा भाव आधीच किमतीत लावलेला असायचा, हेही सांगा की.

नवी पेठवाला :
आणि तुमचं नो कॉस्ट ईएमआय फुकट असतंय होय? 

मास्तर निवृत्त :
यावर मला बोलू द्या. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून नाव बदललं, एवढंच. आता व्याज लागतं आणि तेवढीच सूट वर दाखवतात. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी येतो, प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीनं घेणाऱ्याला ती सूट मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा. मी मागतो, मिळते. पोरं तोंड वाकडं करतात, करू देत.

दिवसभर उभा :
मी अशाच एका शोरूममध्ये आहे. कुठल्या ते सांगणार नाही, नोकरी आहे.

काका, टी-शर्टाचं तुम्ही बरोबर बोललात. पण त्या टी-शर्टातल्या पोराचंही ऐका. मे महिन्यात निम्मं सोलापूर आमच्याकडं गार व्हायला येतं. मॉडेल नंबरचा फोटो काढतात, अर्धा तास डेमो घेतात, ड्रम आतून बाहेरून बघतात आणि माझ्यासमोर मोबाईलवर ऑर्डर टाकतात. वर मलाच विचारतात, “ऑनलाइनवाला फिटिंग करून देईल ना?” २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. त्याची घोषणा झाल्यापासून तो लागू होईपर्यंत एक माणूस एसीला हात लावेना. टार्गेट मात्र जिथल्या तिथं. त्या महिन्यात इन्सेंटिव्ह किती मिळाला असेल, करा हिशोब.

दुरुस्ती कंपनीचं सर्व्हिस सेंटर करतं. आमच्याकडं ना पार्ट, ना माणूस. आम्ही टोल फ्री नाही सांगणार तर काय सांगणार?

कडक भाकरी :
तेच तर म्हणतोय बाळा! तुझ्यावर राग नाही. पैसे घेताना दुकान तुमचं आणि बिघडल्यावर कंपनीचं, हा न्याय कुठला?

हत्तुरे वस्ती :
भाकरी काका, फ्रंट लोड घेतलंत का? आणि कपडे गरम पाण्यात धुता? मग बोअरच्या पाण्यात हीटरवर साल धरणारच. पाणी तापलं की क्षार हीटरवरच बसतो. सिंकमधल्या चहाच्या भांड्याचा बूड बघा. महिन्याला एकदा लिंबूसत्व टाकून मशीन रिकामं ६० डिग्रीवर फिरवा. आणि टाकी बाथरूमच्या छतालगत असेल तर नळाला प्रेशर मिळत नाही, मशीन पाणी भरता भरता एरर दाखवतं. आमच्याकडं प्रेशर पंप बसवल्यावर मिटलं. हे विकताना कुणी विचारलं का तुम्हाला? मला नव्हतं विचारलं.

बाळीवेसकर :
बोअरचं पाणी का वापरूलालेत लोक? हौस आहे का बे? महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतंय, तेही रात्री दोनला. उजनी ११७ टीएमसीचं धरण. भरलं की पेपरात फोटो, पुढारी ओटी भरायला जातेत. आणि धरणाच्या जिल्ह्यातलं शहर ड्रम भरत बसलंय. वॉशिंग मशीनचं काय घेऊन बसलाव?

मास्तर निवृत्त :
११७ मधलं ६३-६४ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे तळचं न सुटणारं पाणी, तो धरून बोलू नका.

बाळीवेसकर :
मास्तर, उरलेल्या ५३ मध्ये सोलापूर शहर मावत नाही का? शहराला लागतंय किती, उसाला जातंय किती, ते काढा की.

पंढरपूर रोड :
झालं, आला ऊस. शेतकऱ्याला शिव्या घातल्याशिवाय शहरवाल्यांना भाकरी जात नाही. आमची जमीन गेली उजनीत, तुमची काय गेली?

बाळीवेसकर :
झोप गेली. रात्री दोनला नळ.

पंढरपूर रोड :
मग पाइप नीट करा. सोडलेलं सगळं पाणी टाकीत पोचतं का तुमच्या? शहरात गळती किती आहे ते विचारा महापालिकेला. उजनीहून सोलापूरला येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या गप्पा ऐकत माझे केस पिकले.

हत्तुरे वस्ती :
दोघंही खरं बोलताय आणि दोघंही ओरडताय. मी फक्त मशीनचं सांगत होते.

बाळीवेसकर :
ताई, पाणीच नाही तर मशीनमध्ये काय, शेंगाचटणी फिरवायची?

जुळे सोलापूरकर :
विषय शोरूमचा होता. पाणी खराब असेल तर तो दोष शोरूमचा कसा?

कडक भाकरी :
खराब पाण्याच्या गावात क्षाराचा एक शब्द न काढता हीटरवालं मशीन विकलं, हा दोष आहे त्यांचा. ‘फोर स्टार’ सांगितलं, ‘स्टीम वॉश’ सांगितलं, एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली. त्या वॉरंटीच्या मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, क्षार चालत नाही, व्होल्टेज चालत नाही, उंदीर चालत नाही. सोलापुरात हे तिन्ही चालत नसेल तर उरलं काय?

न्यू जर्सीहून :
मूळचा रेल्वे लाइन्सचा. इकडं सर्किट सिटी नावाची मोठी इलेक्ट्रॉनिक्सची साखळी होती. मार्च २००७ मध्ये त्यांनी जास्त पगाराची सुमारे ३,४०० माणसं एकदम काढली आणि कमी पगारावर नवीन घेणार म्हणाले. जाणकार माणूस गेला, दुकानात विचारायला कोणी उरलं नाही. २००८ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरी, २००९ ला कुलूप. त्याच धंद्यातल्या बेस्ट बायनं उलट दुरुस्ती करणारी टोळी पदरी बाळगली आणि ऑनलाइनएवढाच भाव द्यायला लागलं. अजून उभं आहे.

बाळीवेसकर :
अमेरिकेचं राहू द्या, विजापूर वेशीचं बोला.

नवी पेठवाला :
नाही, त्यांचं बोलणं मला पटलं. मोठं दुकान म्हणून राग नाही माझा. विजय सेल्ससुद्धा १९६७ ला मुंबईत एका लहान दुकानातूनच वर आली. क्रोमा २००६ ला आली ती टाटांचं नाव घेऊनच. मोठं व्हा की! पण माल विकून हात झटकायचे असतील तर आमच्यात आणि तुमच्यात फरक एसीचाच.

जुळे सोलापूरकर :
चला, ‘आमच्यात’ पण हात झटकायचे हे मान्य झालं.

नवी पेठवाला :
तुम्हाला जे ऐकायचं तेच ऐकता.

कोर्टाची पायरी :
वकिली करतो, फुकट सांगतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आधी तिथं तक्रार टाका, बऱ्याच कंपन्या तिथंच नरमतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला का असेना. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. कंपनी आणि शोरूम दोघांनाही पार्टी करा, मग ढकलाढकली त्यांची त्यांना करू द्या. मशीन तपासायला पाठवायची गरज नसेल तर निकाल ३ महिन्यांत, असेल तर ५ महिन्यांत लावायचा असं कायद्यात आहे.

पंढरपूर रोड :
कायद्यात.

कोर्टाची पायरी :
हो, कायद्यात. पण जॉब शीट सोडू नका. त्यावर ‘पाण्यामुळे’ लिहिलंय ना? पाण्याची तपासणी केली का, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती होता, मशीन विकताना मर्यादा सांगितली होती का, हे आयोग विचारणार. नुसत्या मोबाईलमधल्या फोटोवर नाही भागणार त्यांचं.

सात रस्ता सासू :
मला एकच सांगायचंय. फ्रिज आला की तो खोक्यातून काढून चारी बाजूंनी बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. सुनेनं गडबडीत दिला. दाराला पोचा. आता ते म्हणतात तुमच्याकडंच पडला. पोरं टेम्पोत बसून घाई करतात, करू देत घाई, चहा पाजा पण ओटीपी नाही.

जुळे सोलापूरकर :
बरं, हे मान्य. डिलिव्हरीच्या बाबतीत शोरूमनं सुधारायला पाहिजे. पण म्हणून मी दुसऱ्या फ्रिजला चिठ्ठीवाल्याकडं जाणार नाही.

कडक भाकरी :
जाऊ नका. शोरूममधूनच घ्या. पण पुढच्या वेळी ‘गिऱ्हाईकाला मान मिळाला’ असं लिहायच्या आधी, त्यांच्या काउंटरवर बिघडलेल्या मशीनचं बिल घेऊन एकदा उभे राहा.

दिवसभर उभा :
काका, जॉब शीटची झेरॉक्स घेऊन दुपारी तीनच्या सुमारास या. मॅनेजर असतात. रजिस्टरला लेखी नोंद करतो आणि सर्व्हिस सेंटरच्या एरिया मॅनेजरचा मेल आयडी देतो, तो टोल फ्रीवाले देत नाहीत. एवढंच माझ्या हातात आहे. रविवारी येऊ नका, रविवारी मलाच बसायला जागा नसते.