पेन-अ-व्हॅनची धार बाबांना घेऊन करायची आहे, कुठून चढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कार्डिफला असते. आईबाबा मेअखेरीस पुण्याहून येतायत आणि बाबांनी फोनवरच सांगून ठेवलंय की लंडनबिंडन नंतर, आधी तिथला एखादा डोंगर दाखव. बाबा 64 चे आहेत, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात त्यामुळे दमाचा प्रश्न नाही, पण हल्ली उतरताना उजवा गुडघा दुखतो. तरुणपणी राजगड-तोरणा धारेवरून केलाय, त्याबद्दल अजून भरभरून बोलतात. म्हणून त्यांना नुसतं एक टोक गाठून परत आणायचं नाहीये, धारेवरून मनसोक्त चालवायचंय.

डोक्यात इथलं ब्रेकन बीकन्स हे डोंगराळ नॅशनल पार्क आहे, म्हणजे 2023 पासून अधिकृतपणे बन्नाय ब्रखेन्योग. पेन-अ-व्हॅन 886 मीटर, दक्षिण वेल्समधलं सगळ्यात उंच शिखर. बहुतेक लोक ए470 रस्त्यावरच्या स्टोरी आर्म्स नाहीतर पाँट-आर-डाव्हवरून चढतात, कार्डिफहून टी4 बस स्टोरी आर्म्सला थांबते, सुरुवातच 440 मीटरच्या आसपास आहे म्हणजे चढ सिंहगडापेक्षाही कमी. सोय चांगली आहे, पण वीकेंडला तिथे माणसांची रांग लागते आणि ती वाट सरळ टोकावर नेते, धारेवरचं चालणं त्यात फारसं येतच नाही.

दुसरा रस्ता दक्षिणेकडून. पाँटस्टिकिलच्या पुढे टाव्ह व्हेखनच्या जंगलात गाडी लावायची आणि नेयाद तलावाच्या वरून हॉर्सशू, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी धारेवरची फेरी करायची, ग्रेग व्हॅन दी, मग कॉर्न डी (873 मी), पेन-अ-व्हॅन, क्रिबिन (795 मी), आणि खिंडीतून खाली. साधारण 15-16 किमी होतं. मला मनापासून हाच करायचाय, पण गुडघ्याचं काय? कुठल्या दिशेने फिरावं? क्रिबिन टाळता येतो का? आणि आई चढणार नाही, तिला दिवसभर गाडीत बसवून ठेवणं मला पटत नाही, तर तिच्यासाठी जवळपास काही आहे का? ज्यांनी केलाय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
हॉर्सशूच करा, आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने करा, गुडघ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. ग्रेग व्हॅन दीवर जाणारा पहिला चढ ओढ्याच्या कडेने एकदम खडा आहे, तो चढायला ठीक पण उतरायला वाईट. तो संपला की जवळजवळ सगळी उंची हातात आलेली असते आणि मग कॉर्न डीपर्यंत पठाराच्या काठाकाठाने निवांत चालायचं, उजवीकडे खाली दरी आणि समोर तिन्ही शिखरं, बाबा इथे खूश होणार बघा. माथे सपाट आहेत, तांबड्या वालुकाश्माचे थर आडवे पडलेत म्हणून, पण उत्तरेकडची बाजू हिमयुगातल्या बर्फाने कोरून काढलीय, तिकडे सरळ कडा आहे. धुक्यात आणि जोराच्या वाऱ्यात त्या काठापासून लांब राहा.

गुडघ्याची खरी परीक्षा पेन-अ-व्हॅनवरून क्रिबिनकडे उतरताना. दगडी पायऱ्यांसारखी खडी उतरण आहे, काठ्या घ्याच आणि घाई करू नका. खाली खिंडीत आल्यावर थांबून बाबांना विचारा. ते ताजे असतील तर क्रिबिन चढा, नसतील तर त्याला दक्षिणेकडून वळसा घालणारी आडवी पायवाट आहे, ती थेट पुढच्या खिंडीत, ब्वल्ख-आर-व्हॅनला नेते. तिथून तलावाकडे रुंद जुना रस्ता उतरतो, त्याला रोमन रोड म्हणतात, उतार अगदी सौम्य आहे, फक्त दगडगोटे बरेच.

वर पाणी, टपरी, आडोसा काहीच नाही. कार्डिफला छान ऊन असलं तरी माथ्यावर पाच-सहा अंश कमी आणि वारा वेगळाच, मेमध्येसुद्धा विंडचीटर आणि कानटोपी हवी. आदल्या संध्याकाळी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघा, ढगांची उंची आणि वारा दोन्ही त्यात असतं. ओएल12 हा कागदी नकाशा जवळ ठेवा, फोनवर अवलंबून राहू नका. काही झालंच तर 999 वर आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

प्रतिसाद:
आईंसाठी ब्रेकन माउंटन रेल्वे! मर्थिरजवळच्या पँटहून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी पाँटस्टिकिलच्या तलावाच्या काठाने टोरपँटाऊपर्यंत जाते, तुमच्या वाटेवरच आहे. सकाळी त्यांना पँटला सोडा, फक्त त्या दिवशी गाड्या चालू आहेत का ते आधी बघून घ्या. पण तुमची फेरी बाबांच्या चालीने सहा-सात तासांची धरा, तेवढा वेळ आईंना गाडी पुरणार नाही, सोबत कुणी असेल तर पुढे मर्थिरमधला किवार्थ्वा किल्ला आणि तिथलं म्युझियम बघता येईल.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, क्रिबिनला वळसा मारता येतो हे कळल्यावर सगळं सोपं वाटायला लागलं. ठरलं, घड्याळाच्या दिशेने, आठवड्यातला मधला दिवस, आणि हवा बिघडली तर सरळ पुढे ढकलायचं. उजेड रात्री नऊपर्यंत असतो त्यामुळे बाबांना घाई करायला लावणार नाही. आईसोबत माझी मैत्रीण जाईल. आता एकच, कार्डिफमध्ये कुणाकडे बाबांच्या उंचीला (5 फूट 6) चालतील अशा ट्रेकिंगच्या काठ्या एका दिवसासाठी मिळतील का? त्यांनी अजून कधी वापरल्या नाहीत, त्यामुळे विकत घेण्याआधी त्यांना जमतात का ते बघायचंय.