तीनपत्तीची सवय असताना टेक्सास होल्डेम कसे शिकावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. आमच्या घरी दिवाळीत तीनपत्ती पूर्वापार खेळली जाते, तीही पैशांऐवजी चिंचोके लावून. यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याने टेक्सास होल्डेम शिकवले. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मधे सर्वांसाठी आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडली जातात आणि या सातांतून सर्वांत चांगली पाच धरायची, एवढे मला लगेच समजले. तरीही एका डावात माझी मोठी चूक झाली. माझ्या हातात किलवरचा राजा आणि किलवरची छक्की होती. मधे किलवरची नव्वी, किलवरची चव्वी आणि बदामाची दश्शी उघडली, त्यानंतर इस्पिकचा गुलाम आणि शेवटी किलवरची दुर्री आली. भाच्याने चौकटचे राजा-राणी दाखवून नव्वीपासून राजापर्यंतचा सिक्वेन्स मांडला. सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरपेक्षा (सगळी एकाच चिन्हाची पाने, जशी माझी पाच किलवरची) मोठा हे लहानपणापासून डोक्यात पक्के असल्यामुळे मी माझी पाने पालथीच सरकवून दिली. त्याने ती उलटून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, डाव तुझा होता." होल्डेममध्ये हा क्रम उलटा का आहे, आणि तीनपत्तीच्या आणखी कोणत्या सवयी मला मोडाव्या लागतील?

उत्तर (मिरज)

ताई, या क्रमामागे साधे गणित आहे. ५२ पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणून तेथे सिक्वेन्स दुर्मीळ आणि मोठा. पाच पानांचे हात मात्र २५,९८,९६० होतात, आणि त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० असतात, तर कलर अवघे ५,१०८. तिसऱ्या पानानंतर आणखी दोन पाने त्याच रंगाची यावी लागतात, त्यामुळे कलर जमणे फारच अवघड होते आणि क्रम उलटतो. (तीनपत्तीतही हा हिशेब काटेकोर पाळलेला नाही: ट्रेल (तिन्ही पाने सारखी) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) ४८ असूनही ट्रेलच मोठी मानली जाते.) एक्का-दुर्री-तिर्रीचीही सवय सोडावी लागेल. तीनपत्तीत बऱ्याच ठिकाणी तो दुसऱ्या क्रमांकाचा सिक्वेन्स धरतात. होल्डेममध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत लहान असतो.

माझी कळकळीची विनंती आहे की, हात जिंकला की हरला हे मनात ठरवून पाने कधीही टाकू नका. ती उघडी करून ठेवा आणि सर्वांना मिळून वाचू द्या.

उत्तर (सातारा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मला आमच्या घरातील नवशिक्यांना सर्वांत जास्त अडवणारा शब्द "ब्लाइंड" वाटतो. तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न बघता खेळणे. होल्डेममध्ये मात्र वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पाने वाटण्याआधीच सक्तीने लावायची रक्कम, पहिल्याची लहान आणि दुसऱ्याची सहसा तिच्या दुप्पट. आपापली पाने सर्वजण बघतात. शिवाय तीनपत्तीत चाल कितीही वेळ फिरत राहते, तर येथे चारच फेऱ्या असतात, आणि समोरून काही लागले नसेल तर काहीही न लावता पुढे जाण्याची मुभा असते.

आता ताईंच्याच डावाकडे पाहू. पहिली तीन पाने उघडल्यावर त्यांच्याकडे किलवरची चार पाने झाली होती. न दिसलेल्या ४७ पानांत किलवरची ९ उरली, म्हणजे पुढच्याच पानावर कलर जमण्याची शक्यता ४७ पैकी ९, साधारण १९ टक्के. शेवटच्या दोन्ही पानांचा विचार केला तर सुमारे ३५ टक्के. समजा डावात ४० चिंचोके आहेत आणि भाच्याने १० लावले. १० घालून ५० मिळवायचे असतील तर सहांत एकदा जिंकले तरी तोटा होत नाही, आणि येथे जवळजवळ पाचांत एकदा कलर जमतो, म्हणून खेळावे. त्याने ४० लावले असते, तर ४० घालून ८० साठी तिनांत एकदा जिंकावे लागले असते. अशा वेळी केवळ पुढच्या एका पानाच्या आशेवर चिंचोके घालू नयेत, पॅक व्हावे, म्हणजे पाने टाकून डावातून बाहेर पडावे. मात्र राजा-छक्की घेऊन डावात उतरणे हेच मुळात कमकुवत आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. सुरुवातीला मोठ्या जोड्या आणि एक्का-राजासारखी पाने यांवरच थांबणे चांगले.

चिंचोक्यांचीच प्रथा कायम ठेवा. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि शिकण्यासाठी पैशांची मुळीच गरज नाही.

प्रश्नकर्ती (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. काल आम्ही सर्वांची पाने उघडी ठेवून दहा डाव खेळलो, आणि आईनेही कलर अचूक ओळखला. एका डावात मधली पाचही पाने मिळूनच दश्शी ते एक्का असा सिक्वेन्स झाला आणि कोणाच्याही हाती त्याहून मोठे काही नव्हते. उरलेल्या दोघांत २१ चिंचोके वाटायचे होते. दहा-दहा वाटून झाले, एकविसावा कोणाचा?

उत्तर (मिरज)

वाटणाऱ्याच्या डावीकडून मोजत गेल्यावर त्या दोघांपैकी जो आधी येतो, त्याचा.