कमी जोखीम आणि चक्रवाढ व्याज: गुंतवणूक निवडताना नेमके काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे साठवलेली एक रक्कम आहे. तिचा बराचसा भाग मला पुढील १५ वर्षे तरी लागणार नाही. तो निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी राखून ठेवायचा आहे. शेअर बाजारातील चढउतार सहन करण्याची माझी तयारी नाही, त्यामुळे मुद्दल सुरक्षित राहील आणि चक्रवाढ व्याज मिळेल असेच पर्याय मी पाहत आहे. मुदत ठेवी, सरकारी रोखे आणि मनी मार्केट फंड यांविषयी बरेच वाचले, परंतु प्रत्येक ठिकाणी व्याज वेगळ्या रीतीने मांडलेले असते. कुठे मासिक चक्रवाढ, कुठे तिमाही, तर एका १० वर्षांच्या ठेवीच्या जाहिरातीत ‘सरासरी वार्षिक परतावा ९.६७ टक्के’ असे ठळक छापलेले होते आणि अटींमध्ये मात्र व्याजदर ७ टक्के होता. यांची तुलना कशी करावी? मासिक चक्रवाढ देणारा पर्याय तिमाहीपेक्षा नेहमीच चांगला समजावा का?

उत्तर १

आधी त्या ९.६७ टक्क्यांविषयी, कारण असा आकडा पाहून अनेकांचा गैरसमज होतो. १,००,००० इतके मुद्दल ७ टक्के दराने वार्षिक चक्रवाढीने १० वर्षे ठेवले, तर अखेरीस १,९६,७१५ होतात. एकूण व्याज ९६,७१५. त्याला १० ने भागले की ९.६७ टक्के येतात. म्हणजे चक्रवाढीने मिळालेले व्याज सरळव्याजासारखे वर्षांत वाटून तो आकडा तयार केलेला आहे. मुदत जितकी लांब, तितका तो फुगत जातो, आणि प्रत्यक्ष दर मात्र ७ टक्केच राहतो. ज्या जाहिरातीत हा आकडा मोठ्या अक्षरांत आणि खरा दर बारीक अक्षरांत असतो, तिथे उरलेल्या अटी दोनदा वाचाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुलनेसाठी एकच माप वापरावे: प्रभावी वार्षिक दर, म्हणजे १०० च्या रकमेचे एका वर्षात सर्व व्याज धरून किती होतात ते. ७ टक्के दराची तिमाही चक्रवाढ वर्षाला ७.१९ टक्के देते, मासिक ७.२३ टक्के आणि दैनिक सुमारे ७.२५ टक्के. यापुढे व्याज दर तासाला जमा केले, तरी आकडा जवळजवळ तिथेच थांबतो. ही मर्यादा याकोब बर्नुली या गणितज्ञाने १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाचाच प्रश्न सोडवताना ओळखली होती, गणितातील २.७१८ हा सुप्रसिद्ध स्थिरांक त्या शोधातूनच पुढे आला. यावरून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दर सारखाच असेल तर मासिक चक्रवाढ तिमाहीपेक्षा किंचित सरस ठरते, परंतु वर्षातून एकदाच व्याज जोडणारी ७.३ टक्क्यांची ठेव ही रोज व्याज जोडणाऱ्या ७ टक्क्यांच्या ठेवीपेक्षा अधिक देते.

खरा फरक पडतो तो व्याज मुद्दलात राहते की बाहेर येते यामुळे. एकाच संस्थेची मुदत ठेव दोन प्रकारे मिळू शकते: एका प्रकारात व्याज ठराविक काळाने आपल्या खात्यात येते, तर संचयी प्रकारात ते ठेवीतच जोडले जाते आणि मुदतपूर्तीला सर्व एकत्र मिळते. पहिल्या प्रकारात आलेले व्याज आपण स्वतः पुन्हा गुंतवले नाही, तर हाती येते ते सरळव्याजच. १० वर्षांत हा फरक १,९६,७१५ विरुद्ध १,७०,००० असा दिसतो. ३० वर्षांत मात्र तो ७,६१,२२६ विरुद्ध ३,१०,००० इतका होतो. तोंडी हिशेबासाठी ७२ ला व्याजदराने भागावे: ७ टक्क्यांनी रक्कम साधारण सव्वादहा वर्षांत दुप्पट होते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ सालच्या ग्रंथातही हा नियम आढळतो, आणि आजही मध्यम व्याजदरांसाठी तो चांगला उपयोगी पडतो.

उत्तर २

वरील गणित अचूक आहे, परंतु ‘कमी जोखीम’ या शब्दाकडेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे, कारण आपण ज्या तीन पर्यायांचा उल्लेख केला आहे, त्या प्रत्येकातील जोखीम वेगळी आहे.

बँकेतील ठेवीत मुख्य प्रश्न संस्था बुडण्याचा असतो. बहुतेक देशांत ठेवींना विमा असतो, परंतु त्याला प्रत्येक ठेवीदारामागे आणि प्रत्येक बँकेमागे मर्यादा असते, आणि अनेक ठिकाणी त्या मर्यादेत मुद्दल व जमा झालेले व्याज दोन्ही मोजले जातात. संचयी ठेवीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे: आज मर्यादेच्या आत असलेली रक्कम व्याज जोडले जात असताना काही वर्षांत मर्यादेबाहेर जाऊ शकते. त्यामुळे रक्कम मोठी असेल, तर ती एकाहून अधिक बँकांत, आणि वाढीला जागा सोडून, विभागलेली बरी. बँकेव्यतिरिक्त इतर कंपन्यांच्या ठेवींना हा विमा सहसा लागू नसतो. त्यांचा एखाद-दुसऱ्या टक्क्याने जास्त असलेला दर ही त्या जोखमीचीच किंमत असते.

सरकारी रोख्यात पैसे बुडण्याची भीती सर्वांत कमी, तरीही तेथे दोन गोष्टी लपलेल्या असतात. पहिली अशी की, नेहमीचा रोखा ठराविक काळाने, बहुधा सहामाही, व्याज हातात देतो. चक्रवाढ आपोआप होत नाही, आणि आलेले व्याज त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवावे लागते. तो दर खाली आलेला असेल, तर आपला हिशेब चुकतो. शून्य-कूपन रोख्यात ही अडचण नसते: १० वर्षांनी १०० देणारा रोखा ७ टक्के परताव्याने आज सुमारे ५०.८३ ला मिळतो आणि मधले सर्व व्याज त्या किमतीतच सामावलेले असते. दुसरी गोष्ट बाजारभावाची. हाच रोखा घेतल्यानंतर लगेच बाजारातील दर ८ टक्के झाला, तर त्याचा भाव सुमारे ४६.३२ वर येतो, म्हणजे जवळपास ९ टक्के घट. मुदतपूर्तीपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण १०० मिळतात. मध्येच विकावे लागणाऱ्याला तोटा होतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक कोसळण्यामागे हेच एक मोठे कारण होते: व्याजदर वाढल्यामुळे तिच्याकडील दीर्घ मुदतीच्या, परतफेडीच्या दृष्टीने सुरक्षित रोख्यांचे भाव उतरले होते आणि ठेवीदारांनी पैसे मागताच ते तोट्यात विकणे भाग पडले.

मनी मार्केट फंड अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवतो आणि सहसा स्थिर राहतो, परंतु ती हमी नव्हे. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केल्यावर, १६ सप्टेंबर २००८ रोजी रिझर्व्ह प्रायमरी फंड या अमेरिकी फंडाच्या एका डॉलरच्या युनिटचे मूल्य ९७ सेंटवर आले होते, कारण त्या कंपनीचे कर्जरोखे फंडाकडे होते. काही महिन्यांत लागणाऱ्या पैशांसाठी हा पर्याय मला योग्य वाटतो. १५ वर्षांसाठी तो माझी पहिली निवड नसेल.

उत्तर ३

कर आणि महागाई यांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. समजा व्याजावर ३० टक्के कर आहे आणि तो दरवर्षी द्यावा लागतो, तर ७ टक्क्यांचे ४.९ टक्केच उरतात, आणि १,००,००० चे २० वर्षांत सुमारे २,६०,३०० होतात. तोच कर केवळ शेवटी, एकदाच भरावयाचा असेल, तर सुमारे ३,००,९०० हाती राहतात. दर तोच आणि कराचा टक्काही तोच. फरक केवळ कर कधी कापला जातो याचा. म्हणून आपल्याकडील नियमांनुसार कर पुढे ढकलणारी किंवा करमुक्त योजना उपलब्ध असेल, तर तिची छाननी सर्वांत आधी करावी, मग तिचा छापील दर थोडा कमी का असेना. महागाई ५ टक्के धरली, तर ४.९ टक्के हा उणे परतावा आहे, हेही विसरू नये. काही देशांची सरकारे महागाईशी जोडलेले रोखे काढतात, ज्यात किंमत निर्देशांकाबरोबर मुद्दलही वाढते. इतक्या लांब मुदतीसाठी त्यांचा विचार अवश्य करावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता दर बरे दिसत असल्यामुळे सर्व रक्कम एकदम दीर्घ मुदतीसाठी बांधून टाकावी, की थांबावे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

उत्तर २ देणारे सभासद

पुढे दर कोणत्या दिशेने जातील, हे खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे दोन्ही टोके मी टाळेन. अडीअडचणीला लागणारी रक्कम प्रथम वेगळी काढावी, कारण मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बहुधा दंड कापला जातो, शिवाय पूर्ण मुदतीचा दरही मिळत नाही, आणि अनेक वर्षांची चक्रवाढ त्यात वाया जाते. उरलेल्या रकमेचे ५ सारखे भाग करून ते अनुक्रमे १, २, ३, ४ आणि ५ वर्षांसाठी संचयी पद्धतीने ठेवता येतात. दरवर्षी एक भाग मोकळा होतो आणि तो व्याजासह पुन्हा ५ वर्षांसाठी ठेवायचा. चौथ्या वर्षाअखेर सर्वच भाग ५ वर्षांच्या दराने वाढत असतात, आणि तरीही दरवर्षी एक भाग हाताशी येतो. दर घसरले तर सर्व रक्कम आजच बांधणाऱ्यापेक्षा आपल्याला कमी मिळेल, हे मान्य करूनच ही पद्धत स्वीकारावी. ते पटत नसेल, तर एक हिस्सा १५ वर्षांच्या शून्य-कूपन रोख्यात ठेवावा, मात्र तो मध्येच विकावा लागणार नाही अशी खात्री असेल तरच.

ठेव उघडताना मुदतपूर्तीनंतर काय करावे याची लेखी सूचना अर्जातच द्यावी. ती नसेल तर काही ठिकाणी रक्कम अत्यल्प व्याजावर पडून राहते, आणि काही ठिकाणी तिचे आपोआप त्या दिवशीच्या दराने, आपल्याला नको असलेल्या मुदतीसाठी नूतनीकरण होते. पाचही भागांच्या मुदतपूर्तीच्या तारखा एका जागी लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधी इतर संस्थांचे प्रभावी वार्षिक दर पाहून घ्यावेत.